एक हात नौकेला, एक हात स्वतःला

आमच्या गावाच्या नावात 'जळ' आहे खरे; पण जळकोटचा आणि नौकेचा संबंध शोधूनही सापडणार नाही. सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे, तुळजापूर तालुक्यातले हे गाव. पाणी पाहायचे तर आम्ही नळदुर्गला जातो. बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे हाच आमचा समुद्र. तरीही दरवर्षी दिवाळी सरली, शाळू गुडघ्याला लागला आणि पहाटेचा गारवा बोचू लागला, की मला एका शिडाच्या नौकेची आठवण होते.

ती नौका माझ्या लेक-जावयाची. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बल नदीत ती उभी असे. उन्हाळाभर ते दोघे तिच्यातच राहत आणि थंडीत भाड्याच्या घरी परतत. २०१९च्या ऑक्टोबरात मी व माझे यजमान त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आठ दिवस आम्हीही त्या दहा मीटरच्या घरात राहिलो.

तिथली पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, की धरायला जागा नाही असे एकही पाऊल नव्हते. छताखाली लाकडी दांडे, जिन्याच्या दोन्ही अंगांना मुठी. जेवणाच्या मेजाला उभी कड, म्हणजे ताटे घसरत नाहीत. नौका कलली तरी पातेले सरळ राहावे म्हणून शेगडी झुलती. झोपताना कुशीला कापडी आडोसा. पिण्याचे पाणी टाकीत असेल तेवढेच, म्हणून मोजून वापरायचे. वस्तू जिथली तिथे ठेवायची. वाटेत पडलेली चप्पलही तिथे धोक्याची. जावयांनी पहिल्याच दिवशी खलाशांचा नियम सांगितला होता: एक हात नौकेला, एक हात स्वतःला. काम एका हाताने करावे, दुसऱ्याने आधार सोडू नये.

मग नौकेची थंडीपूर्वीची बांधाबांध सुरू झाली. यजमानांना हे काम फार आवडले. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी शेती पाहिलेली. अवजारे धुऊन-पुसून ठेवण्याची त्यांना सवय होती. शिडे उतरवून गोड्या पाण्याने धुतली, कारण कापडात मीठ राहिले तर ते हवेतला ओलावा ओढून घेते. ती वाळवून घड्या घातल्या. टाक्या आणि नळ्या रिकाम्या केल्या. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते आणि नळी फोडते. म्हणून इंजिनातही न गोठणारे द्रावण भरले. गॅसची टाकी बाहेर काढली. गाद्या उभ्या करून ठेवल्या, कपाटांची दारे उघडी सोडली, म्हणजे वारा खेळेल व बुरशी धरणार नाही. शेवटी यारीने नौका उचलून जमिनीवर टेकूंवर उभी केली. आपल्या कोकणातही हेच होते. तिथे फक्त ऋतू वेगळा. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाला लागतात.

२०२२ साली यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू दुर्बळ झाली. व्यायामाने ते काठीवर चालू लागले, पण न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवू या म्हटले, की म्हणत, "भिंत धरायला मी काय तान्हे मूल आहे?" खरे सांगते, मीही आग्रह धरला नाही. दांड्यांनी घराचे रुग्णालय होईल, असे मलाही वाटत होते. त्याच डिसेंबरात एका पहाटे ते घसरले. सावरायला त्यांनी टॉवेलच्या दांडीला हात घातला. ती स्क्रूसकट निघून आली. मनगट मोडले, तेही चांगल्या, डाव्या हाताचे. सहा आठवडे मी त्यांना घास भरवला. जेवताना ते माझ्याकडे पाहत नसत.

त्या दिवसांत एकदा लेकीने नौकेवरचे जुने छायाचित्र पाठवले. त्यात यजमान छताचा दांडा धरून मनमोकळे हसत उभे आहेत. मी विचारले, "अहो, इथे धरायला लाज नाही वाटली?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तिथे सगळेच धरत होते."

त्या एका वाक्याने माझी चूक मला दिसली. २०१७-१८मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी' या शिडाच्या नौकेने जगप्रदक्षिणा करून आल्या. अशा तरुण, कसलेल्या खलाशीही वादळात सुरक्षेचा पट्टा नौकेला अडकवूनच काम करतात. आम्ही मात्र आधार एकट्या आजाऱ्यासाठी आणू पाहत होतो.

आता आमच्या घरी दांडे सर्वांसाठी आहेत. मीही धरते, सुटीत येणारी नातवंडेही धरतात. दांडा गिलाव्यात नव्हे, पक्क्या भिंतीत गवंड्याकडून बसवून घ्यावा, आणि ज्या हातात बळ आहे त्या अंगाला. टॉवेलच्या दांडीवर कधी विसंबू नये. वाटेतली पायपुसणी उचलावीत, रात्री मंद दिवा ठेवावा. उठल्याबरोबर उभे न राहता मिनिटभर काठावर बसावे. स्नान ऊन वर आल्यावर करावे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा. औषधे संपण्याआधी आणावीत, स्वतःहून बंद करू नयेत. उतारवयात तहान कमी जाणवते, तेव्हा डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर आठवणीने पाणी द्यावे. बधिर अंगाला गरम पाण्याची पिशवी थेट लावू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही.

हे सारे थंडी पडण्याआधी, अंगात बळ असताना करावे. बांधून ठेवलेल्या नौकेलाही मालक अधूनमधून भेट देतो, दारे उघडून वारा देतो. आपल्या घरातल्या वृद्धांना तेवढे तरी लाभावे.

यंदा संक्रांतीनंतर नळदुर्गला जायचे यजमानांनी ठरवले आहे. तिथल्या पायऱ्यांना कठडा आहे का, याची चौकशी मात्र त्यांनी स्वतःच केली.