दोषाचा शोध

मुलांनो, डोंबिवलीतील आमच्या घरचा संगणक मध्येच बंद पडू लागला. नातीचा अभ्यास अडला. “आजोबा, नवाच घेऊ या,” ती म्हणाली. माझ्या निवृत्तिवेतनाला तो खर्च जड होता. प्लग काढून आम्ही पेटी उघडली. पंख्यावर धुळीचा थर साचला होता. हवा न खेळल्याने प्रोसेसर अतिशय तापे आणि तो जळू नये म्हणून यंत्र आपोआप बंद होई. कुंचल्याने धूळ झाडताच ती खोड गेली.

काम मात्र संथच चाले; कारण जुन्या हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर माहिती शोधण्यास वेळ लागतो. संगणकाचे सुटे भाग मिळणाऱ्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, फिरते भाग नसलेली एसएसडी आणून बसविली. थोडक्या पैशांत संगणक चपळ झाला. दोष बहुधा एखाद्याच भागात असतो. तो शोधण्यापूर्वी सारी वस्तू टाकणे शहाणपणाचे नव्हे.