वजनाचा धंदा

वजन हा शब्द मराठीत मोठ्या मानाचा आहे. माणसाच्या शब्दाला वजन असते, घराण्याला वजन असते आणि कचेरीतल्या फायलीवर 'वजन' ठेवले नाही तर ती जागची हलत नाही म्हणतात. पण हेच वजन प्रत्यक्ष शरीराला येऊन चिकटले की त्याची सारी प्रतिष्ठा संपते. मग ते लपवायचे, कमी सांगायचे, नाहीतर उतरवायचे. ज्या गावात पाहुण्याच्या हातावर कुंदा ठेवल्याशिवाय त्याला निरोप देत नाहीत, त्या आमच्या बेळगावात तर ही उतरवण्याची हौस जरा जास्तच आहे. सकाळी मैदानाला फेऱ्या आणि संध्याकाळी कुंदा, असा जमाखर्च आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आलो आहोत.

या जमाखर्चाची वही मोबाइलमध्ये ठेवावी, असा विचार गेल्या वर्षी माझ्या आणि माझ्या एका मित्राच्या डोक्यात आला. मित्र गदगचा, घरी कन्नड बोलणारा, मी शहापूरचा. रोज वजन लिहायचे, आठवड्याला एक फोटो काढायचा आणि अ‍ॅपने दोन्ही शेजारी मांडून दाखवायचे, की बाबा रे, तू इथे होतास आणि इथे आलास. नावावरून आमचे भांडण होईल असे वाटले होते, पण ते आपोआप मिळाले. कन्नडात वजनाला 'तूक' म्हणतात आणि जुन्या मराठीत 'तुकणे' म्हणजे तोलणे. दोन्ही भाषांना आपला वाटणारा शब्द सापडल्यावर निम्मे काम झाल्यासारखेच आम्हांला वाटले.

उरलेले निम्मे काम म्हणजे पैसा. माझ्या काकांचे रविवार पेठेत धान्याचे दुकान आहे. त्यांनी दोन लाख रुपये द्यायची तयारी दाखवली, पण एका अटीवर: "धंद्याचं गणित कागदावर मांडून दाखव." आम्हां दोघांना बेंगळूरच्या एका कंपनीत नोकऱ्या मिळाल्या आहेत आणि जुलैत रुजू व्हायचे आहे. गणित जमले तर नोकरी सोडून गावात राहायचे, नाही जमले तर पिशवी उचलायची, असे ठरले होते. तेव्हा हा कागद म्हणजे आमच्या दृष्टीने परीक्षेच्या पेपरापेक्षा मोठा होता.

पहिले पान लिहिणे सोपे गेले, कारण स्वतःचे वजन पाहायला माणूस पैसे देतो याचा पुरावा जुना आहे. पूर्वी रेल्वे स्टेशनावर वजनाची यंत्रे असत. लाल-हिरवे दिवे, गरगर फिरणारी चकती, नाणे टाकले की खटकन्‌ पडणारे पुठ्ठ्याचे तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसरीकडे भविष्य किंवा एखाद्या नटनटीचा फोटो. वडिलांच्या ट्रंकेत अशी तीन तिकिटे अजून आहेत. वजन ५१ किलो आणि भविष्य, 'लवकरच मोठा मान मिळेल'! मला वाटते, त्या यंत्रवाल्याला धंद्याचे मर्म बरोबर कळले होते. नुसता आकडा कोण विकत घेणार? आकड्याबरोबर थोडी आशा आणि एक चित्र दिले, की खिशातले नाणे आपोआप बाहेर येते.

चित्राचा महिमा तर त्याहून जुना. आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो तो सँडो नावाचा माणूस खरोखर होऊन गेला. युजेन सँडो, जन्म १८६७. देखण्या शरीराचे फोटो विकून आणि टपालाने व्यायामाचे धडे देऊन त्याने लंडनमध्ये मोठा व्यवसाय उभा केला. शिष्यांनी छाती-दंडाची मापे पाठवायची, त्यांचे फोटो मासिकात छापायचे, ते पाहून नवे शिष्य यायचे. १९०४-०५ साली तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावरही आला होता. आज आमच्याकडच्या जिमच्या भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडफोटो लावलेले असतात, त्यांचे मूळ पुरुष असे लांबचे आहेत.

नंतरच्या पिढीत जीन नायडेच या न्यूयॉर्कच्या गृहिणीने १९६३ साली 'वेट वॉचर्स' काढली. आठवड्याला जमायचे, काट्यावर उभे राहायचे, एकमेकींना धीर द्यायचा आणि त्याची फी भरायची. ती कंपनी १९७८ साली हाइन्झने विकत घेतली. मोबाइलच्या जमान्यात दोघा भावांनी २००५ साली सुरू केलेले 'मायफिटनेसपाल' २०१५ मध्ये ४७.५ कोटी डॉलरना विकले गेले. हे आकडे लिहिताना माझ्या मित्राचा हात थरथरत होता. तो म्हणाला, "येनप्पा, यातले एक टक्का मिळाले तरी गदगला वाडा बांधू."

काकांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "पुढं काय झालं ह्या कंपन्यांचं?"

पुढचे आम्ही दुसऱ्या पानावर लिहिले होते, जरा बारीक अक्षरात. मायफिटनेसपाल २०२० मध्ये ३४.५ कोटी डॉलरना, म्हणजे तोट्यात, पुन्हा विकले गेले. मधल्या काळात, २०१८ साली, त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती. वेट वॉचर्सने मे २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि वजन उतरवणारी नवी इंजेक्शने बाजारात आल्यावर काट्यापुढची रांग पातळ झाली होती.

"मी दिवसभर वजनच करायलोय की," काका म्हणाले. "पण पैसे तांदळाचे घेतो, तोलण्याचे नाही. तोलणं फुकट. तू नुसतं तोलणं विकायलास. माल कुठं आहे?"

हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात शोभला असता. आम्ही पुन्हा कागदाला बसलो. माल काय आहे?

विचार करता करता ध्यानात आले की आकडा हा माल नव्हेच, आकड्याचा अर्थ हा माल. शरीराचा काटा किराणा दुकानातल्या काट्यासारखा इमानी नसतो. आज रात्री खारट जेवलो, उद्या सकाळी किलोभर वजन जास्त. एक लिटर पाणी प्यालो, तर काट्यावर लगेच एक किलो वाढले. पथ्य सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात जे भराभर उतरते त्यात चरबी थोडी आणि पाणीच पुष्कळ असते, कारण शरीरात साठवलेली साखर आपल्याबरोबर पाणी धरून असते आणि ती संपली की ते पाणीही जाते. म्हणून रोजच्या आकड्याने हुरळणारा आणि रोजच्या आकड्याने रडणारा, दोघेही फसतात. जॉन वॉकर नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९९१ सालीच यावर उपाय सांगून ठेवला आहे: रोजचे वजन लिहा, पण पाहा मात्र सरासरीची रेघ. फोटोचेही तसेच. दिवा बदलला, पोट आत घेतले, की पाच मिनिटांत 'आधी'चा 'नंतर' होतो. म्हणून जुन्या फोटोची पुसट छाया पडद्यावर दाखवायची आणि तिच्यात नीट बसूनच नवा फोटो काढू द्यायचा, असे आम्ही ठरवले. हा आमचा माल. काकांनी मान डोलावली. "हां, आता भाव सांग."

भाव वर्षाला ४९९ रुपये धरला. त्यातून १८ टक्के कर आणि अ‍ॅप ज्या दुकानातून विकायचे त्याचे १५ टक्के गेले, की हातात साधारण साडेतीनशे उरतात. दहा हजार लोकांनी अ‍ॅप घेतले आणि शंभरांतल्या दोघांनी पैसे भरले असे धरले, तर दोनशे गिऱ्हाइके आणि वर्षाचे ७० हजार रुपये. उलट, एक माणूस जाहिरातीने आणायला वीस रुपये धरले, तर दहा हजार माणसांना दोन लाख. म्हणजे काकांचे पैसे पहिल्याच वर्षी स्वाहा! हे आकडे आमच्या अंदाजाचे. पण अंदाज दुप्पट सैल केला तरी वाडा काही उभा राहीना.

मित्राने तोड काढली: जिमवाल्यांना विकू. गावात व्यायामशाळा काय थोड्या आहेत? चाळीस जिमनी महिना पाचशे दिले तर वर्षाला दोन लाख चाळीस हजार. प्रशिक्षकाला आपल्या साऱ्या शिष्यांचे फोटो आणि वजने एका जागी दिसतील. कागदावर ही तोड सुरेख होती. माझ्या ताईने ती मोडली.

ताई आमची पहिली गिऱ्हाईक. चार महिने ती 'तूक' वापरत होती. ती म्हणाली, "माझे ते फोटो जिमच्या मास्तरला दिसणार असतील, तर मी आजच पुसून टाकते." मी कायद्याचा आधार दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले आहेत, संमतीशिवाय कोणी काही करू शकत नाही, दंड अडीचशे कोटींपर्यंत आहे. (हा आकडा ऐकून काका म्हणाले होते, "म्हणजे अख्खी पेठ विकावी लागेल.") ताईने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "दंड तू भरशील रे. फोटो परत येईल का?"

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ती पुन्हा म्हणाली, "आधी मी दुसरं एक अ‍ॅप वापरत होते. एक दिवस वजन केलं नाही की संध्याकाळी घंटा वाजायची. दोन वर्षांत तीनदा दाखवायचे कार्यक्रम झाले. पाहुणे चहा पिता पिता डोळ्यांनी वजन करतात, ते मला कळतं. घरात आणखी एक पाहुणा कशाला हवा? तुमचं बरं वाटलं, कारण ते गप्प बसतं आणि मी सोडून कुणाला काही दाखवत नाही."

हे मी काकांना सांगितले तेव्हा त्यांनी तराजूच्या दांडीवरची धूळ पुसता पुसता धंद्याची शेवटची गाठ सोडवून दाखवली. "बघ. गिऱ्हाईक बारीक झालं की तुला सोडून जाणार. नाही झालं तर लाजून जाणार. वर्षावर्षाला पैसे हवे असतील, तर तुला माणूस मधेच लटकलेला पाहिजे. मग तू घंटा वाजवणार, भीती घालणार, फोटो दाखव म्हणणार. त्यापेक्षा माल एकदा दे, पैसे एकदा घे."

त्या रात्री आम्ही कागद नव्याने मांडला. किंमत एकदाच, १४९ रुपये. कर आणि दुकानाचा वाटा जाऊन शंभराच्या थोडे वर हातात येतील. फोटो ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्येच राहणार. आमच्याकडे काही यायचेच नाही, म्हणजे चोराला न्यायला काही नाही आणि साठवणीचे भाडेही नाही. घंटा नाही, जाहिरात नाही. आरंभी फक्त अँड्रॉइडवर, कारण तिथे नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे; अ‍ॅपलला दर वर्षी ९९ द्यावे लागतात. मराठी आणि कन्नड दोन्ही. हजार माणसांनी घेतले तर लाखभर रुपये, दोघांत वाटून. तोंडी प्रसिद्धी हीच प्रसिद्धी.

धंदा म्हणून पाहिले तर हे प्रकरण वजनाने हलकेच आहे. यावर दोन घरे चालणार नाहीत, हे आम्ही कागदाखाली ठळक लिहिले आणि काकांपुढे ठेवले. त्यांनी दोन लाखांऐवजी पंचवीस हजार दिले. बाकीचे पुन्हा पेटीत टाकले आणि म्हणाले, "हे गणित खरं आहे. मोठं नाही, पण खरं आहे."

तेव्हा वाचकहो, जुलैत आम्ही दोघेही बेंगळूरला जाणार. गावात राहायचे स्वप्न तूर्त बाजूला पडले, याची हुरहूर आहे. मित्राला तर माझ्यापेक्षाही जास्त. 'तूक'चे काम रात्री आणि रविवारी करायचे ठरले आहे. परीक्षा संपली की कन्नड मजकूर तो तपासणार, मराठी मी. ताईने मात्र एक अट घातली आहे. पडदा उघडल्याबरोबर आकडा दिसता कामा नये. ज्याला पाहायचा असेल त्याने बोट लावून पाहावा. हा बदल करायला दोन संध्याकाळी पुरतील. तो झाल्याशिवाय अ‍ॅप बाहेर काढायचे नाही, असे आम्ही तिला कबूल केले आहे.