द्राक्षापाक

साहित्यविचाराने आपली मूळ परिभाषा जिभेकडून उसनी घेतली आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना भरताने दृष्टांत दिला तो अन्नाचाच. गूळ, व्यंजने आणि औषधी एकत्र येऊन जसे षाडवादी रस सिद्ध होतात, तसा नाट्यातला रस. पुढे दहाव्या शतकात राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्याचे नऊ पाक सांगितले आणि त्यांना नावे दिली ती कडुनिंब, बोर, द्राक्ष, वांगे, चिंच, आंबा, सुपारी, काकडी आणि नारळ यांची. आरंभी चव कशी आणि शेवटी कशी, एवढ्या एकाच कसोटीवर त्याने हे वर्गीकरण उभे केले. सुपारीचा पाक आरंभी रुचकर आणि शेवटी बेचव. द्राक्षाचा आरंभी बेचव आणि शेवटी रुचकर. नंतरच्या शास्त्रकारांनी द्राक्षापाकाचा अर्थ पालटला आणि आतबाहेर रसाने भरलेले, सहज आस्वाद्य असे काव्य, असा तो रूढ केला.

तीस-पस्तीस वर्षे मी हे सारे वर्गात शिकवले. रुची, चर्वणा, माधुर्य, पाक हे शब्द माझ्या लेखनातही सतत येत राहिले. अशा शब्दांतला जिभेचा अंश वापराने झिजत जातो आणि मागे उरते ती केवळ संज्ञा. उसने घेतलेले शब्द मूळ मालकाकडे परत न्यावेत आणि तिथे ते अजून चालतात का ते पाहावे, असा प्रसंग टीकाकाराच्या वाट्याला सहसा येत नाही. माझ्या वाट्याला तो 2018 साली पोर्तुगालमध्ये, दोरू नदीच्या काठी आला. निमित्त होते पोर्ट वाईनचे.

मला तिथे नेणारे स्नेही मूळचे गोव्याचे. आयुष्यभर पोर्तुगीज भाषेचे अध्यापन केलेले आणि निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने लिस्बनला मुलीकडे राहणारे. त्यांच्या घरी नाताळात केकबरोबर पोर्टचा लहानसा पेला वडीलधाऱ्यांच्या हातून मिळत असे. गोव्यात आजही ‘पोर्ट’ म्हणून जी स्वस्त, गोड, लाल वाईन मिळते, तिचा दोरूच्या खोऱ्याशी संबंध नावापुरताच. युरोपात ते नाव त्या खोऱ्यातल्या वाईनलाच लावता येते. माझे घर याच्या नेमके उलट. आमच्याकडे द्राक्षांपासून आंबवलेला एकच पदार्थ येई, तो म्हणजे वैद्यांनी दिलेले द्राक्षासव. तेही चमच्याने मोजून. बाकी सगळ्याला ‘दारू’ हा एकच शब्द पुरत असे. पुढे लक्षात आले की ही अडचण आमच्या घराइतकीच मराठीचीही आहे. दारू हा शब्द पोलिसांचा आणि शेजाऱ्यांचा, मद्य हा सरकारी कागदांचा, मदिरा आणि वारुणी कवींच्या, आसव वैद्यांचे. शांतपणे घोट घेऊन दोन पेल्यांतला भेद सांगू पाहणाऱ्याचा शब्द मात्र आपल्याकडे घडलाच नाही.

पोर्ट म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबवलेले आंबणे. समुद्रकाठच्या पोर्तो शहरापासून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर हे द्राक्षांचे खोरे सुरू होते. पायाखाली पापुद्र्यांसारखा फुटणारा शिस्ट खडक, उन्हाळा कडक, आणि डोंगरउतारावर माणसांनी रचलेल्या दगडी पायऱ्या. तोरिगा नासिओनाल, तिंता रोरीज अशा जातींची द्राक्षे काही मळ्यांत अजूनही दगडी हौदात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, पायांनी तुडवली जातात. रस आंबू लागतो आणि त्यातली जवळपास निम्मी साखर संपते, त्या वेळी त्यात द्राक्षांचाच सुमारे 77 टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात. तयार मिश्रणात त्याचा वाटा साधारण पाचवा असतो. किण्व मरते, आंबणे थांबते आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड आणि म्हणूनच ती इतर वाईनपेक्षा तीव्र, 19 ते 22 टक्क्यांची. 1756 साली मार्किश द पोंबाल याने या खोऱ्याच्या सीमा आखल्या आणि त्या ग्रॅनाइटच्या खांबांनी पक्क्या केल्या. पिंपे भरून ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या नदीतून खाली येत आणि पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा द गाया येथील वखारींत ती वाईन ठेवली जाई. निर्यात गायामधूनच करण्याचे बंधन 1986 पर्यंत होते.

या वखारींवरच्या पाट्या वाचत चालले की व्यापाराचा इतिहास कळतो. 1703 च्या मेथुएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाईनवरची जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक-तृतीयांशाने कमी झाली आणि इंग्रज व्यापारी इथे स्थिरावले. म्हणून टेलर, ग्रॅहम, सँडमन, वॉर ही नावे. त्यांच्या शेजारी फेरैरा आणि रामोस पिंतो ही पोर्तुगीज, नीपोर्ट हे डच आणि कोप्के हे जर्मन मूळ सांगणारे. यांना इंग्रजीत ‘हाउस’ म्हणतात, मराठीत मला ‘घराणे’ हाच शब्द योग्य वाटला. व्हिंटेज पोर्ट एकाच उत्तम वर्षाची असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती बाटलीत भरतात आणि मग ती बाटलीतच दशकानुदशके पिकते. टॉनीची रीत वेगळी. ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षे हवेशी व्यवहार करीत लाल रंग सोडून बदामी-पिंगट होते आणि पुष्कळदा अनेक वर्षांच्या वाईन एकत्र करून सिद्ध केली जाते. घराण्याचा मुख्य चाखणारा जुन्या-नव्या पिंपांची अशी जुळवणी करतो की यंदाचा पेला गतसालच्या पेल्यासारखाच लागावा. स्वतःची छाप न उमटवता परंपरेचा स्वभाव राखणे हेच त्याचे कर्तृत्व.

टॉनीच्या बाटलीवर ‘20 वर्षे’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थही विचार करण्याजोगा आहे. आतला थेंब न् थेंब वीस वर्षांचा आहे, असा त्याचा दावा नसतो. 1933 साली स्थापन झालेल्या पोर्ट वाईन संस्थेची परंपरा आज जी अधिकृत संस्था चालवते, तिच्या चाखणाऱ्यांनी या वाईनमध्ये वीस वर्षांच्या जुनेपणाची लक्षणे आहेत, असा निर्वाळा दिलेला असतो. म्हणजे वयाचा अंतिम निर्णय पंचांगाऐवजी जीभ करते. साहित्यातली प्रौढता आपण याहून वेगळ्या रीतीने ठरवतो, असे मला वाटत नाही.

स्नेह्यांनी चार घराण्यांच्या वीस वर्षांच्या टॉनी एका टेबलावर मांडल्या: टेलर, ग्रॅहम, सँडमन आणि फेरैरा. प्रकार एक, वय एक. वेगळी फक्त घराणी. तुलना करायची तर इतके साम्य आधी हवेच. ते म्हणाले, “सर, तुम्ही मराठीत लिहा. मग मी पेले हलवतो, तुमचे टिपण वाचतो आणि कुठला पेला कुठल्या ओळीचा ते शोधतो. तुमचे शब्द काम करतात का बघू.”

मी चारही पेल्यांवर सावकाश लिहिले. ‘गोड’ हा शब्द पहिल्याच घोटाला निकामी झाला, कारण चारही गोडच होत्या. भेद होता तो गोडीला अडवणाऱ्या गोष्टींत. एकीत गोडी मोरावळ्याच्या जुन्या पाकासारखी दाट होती आणि शेवटपर्यंत दाटच राहिली. दुसरीत गोडीच्या मागोमाग भाजलेल्या बदामाच्या सालीचा कडसरपणा येत होता आणि घोट गिळल्यावर जीभ जवळजवळ कोरडी वाटत होती. तिसरीत वाळवलेल्या जर्दाळूचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आधी आला, चव मागून. चौथीत आमसुलासारखी आंबूस धार होती आणि तिच्यामुळे सारे हलके वाटत होते. त्याबरोबर मी आणखीही लिहिले होते. सघन, भारदस्त, परिपक्व, खोल.

स्नेह्यांनी आमसुलाची ओळ वाचली. “म्हणजे आमची सोलां ना?” एवढेच विचारून त्यांनी तीन पेले हुंगले, एकाचा घोट घेतला आणि तो पेला अचूक माझ्यासमोर ठेवला. मोरावळा त्यांना ग्रॅहममध्ये सापडला, बदामाची साल टेलरमध्ये. ‘भारदस्त’ मात्र त्यांना चारही पेल्यांत सापडत होते आणि ‘परिपक्व’ तर बाटलीवरच छापलेले होते. राजशेखराची कसोटी इथे विलक्षण उपयोगी पडली. आरंभी काय आणि शेवटी काय, असे दोन भाग पाडताच चार पेल्यांचे चार स्वभाव वेगळे झाले. हजार वर्षांपूर्वीचे ते वर्गीकरण मी परीक्षेच्या प्रश्नापुरते जपले होते; ते हत्यार अजून धारदार आहे हे मला एका परक्या नदीकाठी कळले.

वाईनवर लिहिणे टीकाकाराला नवे नाही. एडिंबरा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापन केलेला आणि युरोपीय टीकेचा इतिहास लिहिणारा जॉर्ज सेंट्सबरी याने 1920 साली आपल्या तळघरातल्या वाईनच्या नोंदवहीवरून एक पुस्तक सिद्ध केले, आणि त्यात पोर्टवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण गायामध्ये मला अधिक जवळचा वाटला तो जोसेफ जेम्स फॉरेस्टर. हा इंग्रज व्यापारी दोरूचे नकाशे काढीत असे. 1844 साली त्याने निनावी पुस्तिका काढून आपल्याच व्यवसायबंधूंवर टीका केली. रंगासाठी एल्डरच्या झुडपाची फळे मिसळणे ही लबाडी आणि आंबणे अर्ध्यावर मोडून मद्यार्क ओतणे हा वाईनचा अपमान, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्या मुद्द्यावर आज कोणी वाद घालणार नाही. दुसऱ्यावर तो पूर्णपणे हरला. ज्याला त्याने बिघाड म्हटले तीच आजच्या पोर्टची व्याख्या आहे. 1861 साली दोरूच्या एका धारेत होडी उलटून तो बुडाला. त्याच होडीत असलेल्या, फेरैरा घराणे नावारूपाला आणणाऱ्या दोना आंतोनिया वाचल्या.

फॉरेस्टरचा निर्णय इतिहासाने फेटाळला, तरी त्याचे लिहिणे वाया गेले असे मला म्हणवत नाही. कोणत्या पेल्यात काय मिसळले आहे ते त्याने नाव घेऊन सांगितले होते. म्हणून त्याच्याशी असहमत होणे लोकांना शक्य झाले. ‘भारदस्त’ म्हणणाऱ्याशी कोणी असहमतही होऊ शकत नाही. आपल्याकडच्या कितीतरी परीक्षणांना प्रत्युत्तर येत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असावे. त्यांत खोडून काढण्याजोगे काही नसते.

त्या प्रवासानंतर कवितेवर लिहिताना मी एक पथ्य पाळतो. लिहून झाले की कवीचे नाव आणि उद्धृते झाकतो आणि स्वतःला विचारतो: त्याच पिढीचे, त्याच वळणाचे चार संग्रह समोर ठेवले, तर केवळ माझ्या शब्दांवरून वाचकाला त्यांतला हा एक उचलता येईल का? पुष्कळदा अर्धे पान खोडावे लागते. उरते ते थोडे असते, आणि त्यात चिंच, सुपारी, आमसूल असे काहीतरी बहुधा असतेच.