जटपुरा गेट, ११२ तुकडे
लेगोच्या सेटमध्ये आयफेल टॉवर मिळतो, आमचं जटपुरा गेट मिळत नाही. म्हणून चंद्रपूरच्या परकोटाचं हे दार, जिथे रोज ट्रॅफिक तुंबतं, मीच ब्रिकलिंकच्या ‘स्टुडिओ’ सॉफ्टवेअरमध्ये बांधायला घेतलं. पहिल्या खेपेला दगडन् दगड दाखवला. तुकडे ६४०. पुतणीनं उचललं आणि कमान तेवढी तिच्या हातात राहिली.

मग काढत गेलो. वीट ९.६ मिलिमीटर उंच, प्लेट तिच्या एक तृतीयांश. एवढ्यात गोंडराजांचं चिन्ह, हत्तीवर मात करणारा सिंह, कसं बसवणार? दोनच तुकडे ठेवले: खाली करडा, वर पिवळा. चंद्रपूरकराला कळतं, बाकीच्यांना विचारू द्या. सांधे मात्र एकावर एक येऊ दिले नाहीत. गवंडीही तेच करतो.

खरा घाम काढला तो पुस्तिकेनं. एका पायरीला फार तर चार तुकडे, कुठे बसवायचे ते बाणानं. पुतणीनं काही न विचारता अख्खं गेट जोडलं, उलटं करून हलवून पाहिलं.

“काका, हे कंपनीचं आहे ना?”

मी काहीच बोललो नाही. तिनं कमानीखालून खेळण्यातला ऑटो घातला. अडकला.