खटका

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जॉयस्टिकची प्लेट कापून आणली. ऑइल इंजिनं घडवलेल्या या भागात असलं बारीक कामही मनासारखं होतं.

मी जुन्या व्हिडिओ गेमच्या पेट्या बनवतो. गिऱ्हाइकं बहुतेक चाळिशीतली. मागणी ठरलेली: ‘मुस्तफा’. कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ला आपल्या पोरांनी त्यातल्या पात्रावरून हेच नाव दिलं.

प्लाय, पडदा, वायरिंग सगळं जमतं. पेटीचा जीव मात्र खटक्यात. दांडी कलली की खालचा मायक्रोस्विच ‘टक्क’ वाजलाच पाहिजे. हलका माल घातला की तो लवकर मऊ पडतो, म्हणून तिथं मी पैसे वाचवत नाही. भाव पाडून मागणाऱ्याला सरळ नाही म्हणतो. पोट याच कामावर आहे.

उद्या इचलकरंजीची पेटी पोचवायची. घरात ठेवणार, तरी नाण्याची फट हवीच म्हणालेत. मला ते मनापासून पटलं.