कृष्णेचं बोट धरून

महाबळेश्वरला येणारे पॉइंट बघतात, स्ट्रॉबेरी खातात आणि घाट उतरून परत जातात. क्षेत्र महाबळेश्वरच्या गोमुखातून निघालेली कृष्णा पुढे जाते कुठे, हे विचारायला सवड कुणाला? सातारा-सांगली बघायची तर तिचंच बोट धरावं, असं माझं मत.

वाईला ती अजून पोरसवदा. पण रास्त्यांनी ढोल्या गणपतीचं देऊळ बांधताना तिला जोखलं होतं. देवळाची मागची बाजू त्यांनी माशाच्या आकाराची केली. पुराचं पाणी त्यावर आपटतं, दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथे टांगलेली घंटा वसईच्या पोर्तुगिजांकडची. माहुलीला वेण्णा येऊन मिळते. कराडला मात्र थांबायलाच हवं. नद्या एरवी तिरक्या येऊन मिळतात. इथे कृष्णा आणि कोयना थेट समोरासमोर भेटतात आणि मग एकत्र वळतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे.

पुढे औदुंबरचे दत्तगुरू, मग सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथेच रंगवलं. नाटकाचं वेड अजून उतरलेलं नाही, पण आषाढ-श्रावणात सांगलीकराच्या तोंडी एकच प्रश्न असतो : “आयर्विनला किती फूट?” आयर्विन पुलावरचे आकडे वाचून गल्लीबोळांतलं सामान माळ्यावर चढतं. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्नच्या पुढे गेलं. हरिपूरला, वारणेच्या संगमाजवळ, हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. पेव उघडल्यावर आत लगेच कुणी उतरत नसे. कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस खाली. २००५ च्या महापुरानं त्यांतली कितीतरी पेवं बुडवली.

आणि याच दोन जिल्ह्यांत माण, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके! महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस, आणि त्याच साताऱ्यातल्या माणला वीस इंचही धड नाही. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांनी कृष्णेचं पाणी आता वर चढवलंय, तेही उशिरानं.

तेव्हा दसऱ्यानंतर या, पाणी निवळलेलं असतं. वांग्याचं भरीत आणि भडंग खा. पण परतीच्या आधी एक दिवस माणमधल्या म्हसवडच्या सिद्धनाथासाठी राखा. नुसता काठ बघून गेलात, तर अर्धाच मुलूख बघितलात.