भागीचं घोडं अन् राजापेठची खोली



"भाऊ, तुमची डाळ ऑनलाइन विकते हे समजलं, पन पाच जनांच्या भागीत तुमचं भांडन कसं नाही होत?" असं विचारणारे फोन अलीकडे वाढले आहेत. एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. भांडण होते, बाप्पा. पण कशावर भांडायचं आणि कशावर नाही, हे आम्ही आधी कागदावर उतरवलं होतं. म्हणून टिकलो.

पहिले डाळीचा हिशोब पाहा. 2025-26 चा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये. अकोल्याच्या आपल्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाल मिल बऱ्याच गावांत आहे, तिच्यावर क्विंटलमागे सत्तर किलोच्या वरखाली डाळ पडते. म्हणजे नुसत्या तुरीचेच किलोमागे 114 रुपये झाले. भरडाई, निवडाई, पिशवी वेगळी. चुनी घरच्या ढोरांना जाते, तेवढाच आधार. मी डाळ 170 नं विकतो. ऐकायला चांगलं वाटते, पण एक किलोचं पार्सल पुण्याला पाठवलं की खोका, टेप आणि पोस्टाच्या खर्चात नफा तिथंच संपला. आणि शहरातल्या घरात माणसं तीन, ते पाच किलो डाळ एकदम घेऊन काय करतीन?

आता दुसरी बाजू पाहा. पाच किलोच्या पार्सलला एक किलोच्या पाचपट खर्च येत नाही. गिऱ्हाईक डाळ एकच किलो घेत असेल, तर खोक्यातली बाकी जागा दुसऱ्याच्या मालानं भरली पाहिजे. आमच्या भागीदारीचं मूळ एवढंच आहे. मैत्री मागून झाली, पहिले खोका भरला.

आम्ही पाच जण असे. मी नांदगाव खंडेश्वरकडचा, तूर आणि मुगाची डाळ माझी. दर्यापूरकडच्या दहा बायांचा बचत गट, त्यांच्या शेवया, मुंगवड्या, सरगुंडे. चिखलदऱ्याकडचा एक पोरगा, तो मध आणि तिथली कॉफी आणते. वरुडकडचे एक संत्रावाले काका. आणि राजापेठची ताई. तिचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. लग्नसराई संपली की मशीन रिकामी, म्हणून लेबल ती छापते, फोटो ती काढते, ऑर्डरी ती पाहते. स्टँडजवळ दुकानामागची एक खोली आम्ही पाचांनी भाड्यानं घेतली. चारही दिशेचा माल एसटीनं राजापेठला उतरवता येते आणि तिथूनच पोस्टात जाते.

संत्री डाळीच्या खोक्यात जात नाहीत. ती पेटीनं वेगळी जातात, आंबिया बहार दिवाळीच्या पुढे-मागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग काकांचा फायदा काय? फायदा गिऱ्हाइकाचा. माझी पहिली चाळीस गिऱ्हाइकं माझ्या पोराच्या पुण्याच्या सोसायटीतली. त्यांनाच आम्ही संत्र्याचा निरोप पाठवला. उलटं काकांची संत्री खाणाऱ्यांनी उन्हाळ्यात डाळ मागवली. मधाच्या काचेच्या बाटल्या आधी रस्त्यात फुटायच्या. आता त्या डाळीच्या पिशव्यांमध्ये दाबून बसवतो, तेव्हापासून फुटणं जवळपास बंदच झालं.

पण आपल्याकडं म्हण आहेच ना, भागीचं घोडं किवणानं मेलं. घोडं सगळ्यांचं असलं की त्याची जखम कोणीच पाहत नाही. कास्तकाराला हे शिकवावं लागत नाही. बटईचं वावर, सामाईक विहीर, भावाभावातला धुरा, सगळीकडं आपण हेच पाहिलं आहे. म्हणून पहिल्या बैठकीत मी म्हटलं, आधी वही आणा. तिच्यात जे लिहिलं ते असं :

एक. दुसऱ्याचा माल आपल्या घरी महिनाभर खाल्ल्याशिवाय त्याची शिफारस करायची नाही.

दोन. पोस्टाचा खर्च वजनाप्रमाणे वाटायचा, खोलीचं भाडं फळीप्रमाणे.

तीन. माझ्या गिऱ्हाइकानं मध घेतला तर मधवाल्यानं शंभरामागे पाच रुपये मला द्यायचे. त्याच्यानं डाळ घेतली तर मी त्याला द्यायचे. ताईचं काम वेगळं, तिला प्रत्येक पार्सलमागे ठरलेले पैसे.

चार. ज्याचा माल, त्याची तक्रार. परत आलं तर नुकसान त्याचं.

पाच. गिऱ्हाइकांची यादी पाचांची. कोणी निघून गेला तर आपण आणलेली नावं घेऊन जाईन, बाकीची नाही. फोनचं सिमकार्ड ताईच्या नावावर, पण ती निघाली तर नंबर गटाला द्यायचा. निघायचं तर तीन महिने आधी सांगायचं.

चौथा नियम सगळ्यांना सोपा वाटला होता. त्याच्यावरच मोठं भांडण झालं.

मागच्या श्रावणात अकरा घरून तक्रार आली की शेवयांना कुबट वास येते. खोलीत पाहिलं तर खालच्या फळीवरच्या चोवीस किलो शेवया नरम पडल्या होत्या. परत द्यायचे पैसे, पोस्ट आणि फेकायचा माल धरून हिशोब आठ हजारांच्या घरात गेला. नियमाप्रमाणे तो गटावर बसत होता. दहा बायांचा श्रावणाचा सगळा पैसा त्यात जात होता.

गटाच्या आजी दर्यापूरहून दोन गाड्या बदलून आल्या. पैशासाठी नाही आल्या. म्हणाल्या, "पैसे भरू आमी, भाऊ. पन आमच्या हातची चीज खराब निंघाली असं त्या लोकाईले सांगू नका. वाळवन आमचं कडक व्हतं." आणि पिशवीतून त्याच दिवशी बांधलेले दोन पुडे काढून टेबलावर ठेवले. फोडले तर शेवया कडकडीत. मग आम्ही फळी पुढे ओढली. मागच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत होतं. वरच्या फळ्या कोरड्या, म्हणून डाळ वाचली. माझा माल वर होता, त्यांचा खाली, एवढाच फरक.

चिखलदऱ्याचा पोरगा म्हणाला, "काकाजी, नियम म्हंजे नियम. उद्या माह्यी बाटली फुटली तर तुमी भरसान का?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्याच्या फुटलेल्या बाटल्या त्यानं गुपचूप भरल्या होत्या, आम्ही कोणी पुढे आलो नव्हतो. तीन संध्याकाळी हेच चाललं. ताई म्हणाली, खोली पाचांची, तर ओलही पाचांची. शेवटी प्रत्येकानं पाचवा हिस्सा, सोळाशे रुपये भरले. पोरानंही भरले, पण त्यानं अट घातली की नवा नियम आजच लिहा, तोंडी नको. बरोबर होतं त्याचं.

नवा नियम असा : माल खोलीत उतरला की ताईनं वजन करायचं, एक पुडा फोडून पाहायचा, दोघांनी वहीत सही करायची. सहीच्या आधीचा दोष बनवणाऱ्याचा, सहीनंतरचा पाचांचा. रस्त्यात बाटली फुटली तरी पाचांचा. आणि प्रत्येक घाणीचा एक पुडा बनवणाऱ्यानं आपल्या घरी ठेवायचा.

याच्यात आम्ही नवीन काही शोधलं नाही. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्याच पापडाचं पुढं लिज्जत झालं. तिथं पीठ एका जागी मळतात, बाया ते घरी नेऊन लाटतात, वाळलेला पापड परत आणला की तपासून घेतात. नफ्यातोट्यात सगळ्या भगिनी मालक. हजारो घरी लाटलेल्या पापडाची चव एक राहते ती या तपासण्यामुळं. देताघेताना तपासलं की मागून कोणावर बोट दाखवायची पाळी येत नाही.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण फोनवर तेही विचारतात. भागीदारी फर्म 1932 च्या कायद्यानं होते. तिच्यात एकानं फर्मच्या नावानं काढलेल्या कर्जाला सगळ्यांच्या घरावर, वावरावर टाच येऊ शकते. फर्मची नोंदणी नसली तर कोर्टात दावा लावायलाही अडचण. एलएलपीचा कायदा 2008 चा, त्यात जबाबदारी साधारण आपल्या भांडवलापुरती राहते. शेतकरी उत्पादक कंपनी करायची तर किमान दहा उत्पादक लागतात. आम्ही सध्या यातलं काहीच केलं नाही. पाचही धंदे वेगळे, बँक खाती वेगळी, बिलं ज्याची त्याची. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर ज्याच्या त्याच्या लेबलवर, पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगचा महिना तसाच. एकत्र फक्त खोली, खोका आणि गिऱ्हाइकांची यादी. वकिलाला दाखवून करार लिहिला आहे. तुमचं काम मोठं असेल तर तुमच्या वकिलाला विचारूनच ठरवा, माझं पाहून नको.

त्या अकरा घरांना आम्ही आजींच्या सांगण्याप्रमाणे खरं तेच कळवलं की आमच्या खोलीत ओल आली, शेवया करणाऱ्यांचा दोष नाही. पैसे परत केले. दिवाळीला त्यातल्या नऊ जणांनी परत शेवया मागवल्या. आजींना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "मंग दोघं कोन राह्यले?" आता त्या दोघांकडे संक्रांतीला आमच्या खर्चानं एकेक पुडा जाणार आहे.

यंदा खोक्यात हळद पाहिजे. वर्धा जिल्ह्यात वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिकडचा कोणी लहान कास्तकार स्वतः हळद दळून विकत असेल तर कळवा. आधी महिनाभर आम्ही पाच घरं तुमची हळद खाऊ, तुम्ही आमचा माल खा. पटलं तर वही उघडू. खालची फळी आता कोणालाच देत नाही, तिथं रिकामे खोके ठेवतो.